बंद बीकनचं नाव

"सुई काय, कुणाकडेही बघते. आधी नाव विचारायचं, पोरी."

हे बाबांचं बोलणं. मी तेव्हा नऊ वर्षांची, टेकडीवरच्या एका खोलीत फरशीवर पालथी पडून पाय हलवणारी. खोलीत करड्या रंगाचं लोखंडी कपाट होतं आणि ते दिवसभर गुणगुणायचं. ढगात शिरलेल्या विमानाला दिशा दाखवणारं बीकन ते, आणि बाबा त्याचे तंत्रज्ञ. विमानातली सुई बीकनकडे वळते. पण आभाळात कडाडणारी विजेची रेघही सुईला भुलवते, दूरचं दुसरंच बीकन तिला ओढून घेतं. म्हणून प्रत्येक बीकन आपलं नाव सांगत राहतं, आखूड आणि लांब सुरांत. वैमानिकाने ते कानांनी ऐकायचं, मगच सुईचं मानायचं.

बाबांनी मला ते सूर लघु-गुरूंत शिकवले. आमच्या बीकनच्या तीन अक्षरांवर त्यांनी शब्द बसवले होते: जपून, ये, घरी. कपाट तेच म्हणत राहायचं. जपून. ये. घरी. मी त्या तालावर दात घासायचे, जिने उतरायचे, झोपायचे.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. बीकन गेल्या महिन्यात गेलं. कपाट उचललं, तारा उतरवल्या, खोलीला कुलूप लावलं.

त्या दुपारी उड्डाणाआधी कॅप्टननी मला, त्यांच्या सहवैमानिकाला, ते बंद झाल्याची सूचना मोठ्याने वाचून दाखवली. ते प्रत्येक सूचना स्वल्पविरामासकट वाचतात, म्हणून माघारी सगळे त्यांना हेडमास्तर म्हणतात.

"बीकन कायमचं बंद." त्यांनी नकाशावर पेन्सिलीने काट मारली. "उतरायचं उपग्रहाच्या भरवशावर. बीकन लावायचं नाही, बघायचं नाही, आठवायचंही नाही."

"हिच्या वडिलांचं होतं ना ते?" डिस्पॅचर बाईंनी उड्डाणाच्या कागदांवर शिक्का मारता मारता विचारलं.

"सरकारचं होतं. बाबा नुसती धूळ पुसायचे."

"आमच्या सासूबाईही तेच म्हणतात. घर मुलाचं, मी नुसती धूळ पुसते. आणि किल्ल्या त्यांच्याच उशीखाली."

कॅप्टन हसले. मीही हसले. आठ दिवसांनी माझी वैद्यकीय तपासणी होती, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. बाबा गेले त्या महिन्यात मी डॉक्टरांना भोळेपणाने सांगून बसले होते की झोप लागताना मला बीकन ऐकू येतं. त्यांनी मान हलवत लिहून घेतलं आणि मी पाच महिने जमिनीवर बसले. खुर्ची परत देताना ते म्हणाले होते, "पुन्हा झालं तर कळवा." पुन्हा झालं, तर ती खुर्ची कायमची जाणार होती. ते वेगळं सांगायची गरजच नव्हती.

बेचाळीस प्रवासी घेऊन निघालो. वर ऊन होतं, खाली ढग. ढगात शिरलो तशी काच पांढरी झाली, मग राखाडी. विमान कॅप्टन चालवत होते, रेडिओ माझ्याकडे होता. आणि माझ्या हाताने, मला न विचारता, बीकनचा तो जुना आकडा रेडिओवर लावला.

नुसती खरखर. मी स्वतःशीच म्हटलं, बरं झालं, पुसून टाक आता.

तेवढ्यात खरखरीच्या तळातून आलं. जपून. ये. घरी.

पुन्हा आलं. तोच किंचित घोगरा सूर, शेवटच्या अक्षरावर तेच हलकं थरथरणं. ते बाबांना कधी काढता आलं नव्हतं. सुई एकदा डुलली आणि समोर रोखून थांबली. बंद बीकनवर सुई भटकते. ही भटकत नव्हती.

पडद्यावर आमचं विमान बरोबर वाटेवर होतं. उपग्रहाच्या हिशेबाने टेकडी डावीकडे सात किलोमीटरवर होती, आणि सुईच्या हिशेबाने थेट नाकासमोर. दोघांतलं एक खोटं होतं, आणि आम्ही खाली उतरत होतो.

"तीन हजार फूट," कॅप्टन म्हणाले. "गप्प का आहेस आज?"

"काही नाही, सर."

त्यांनाही ऐकवता आलं असतं. त्यांच्यापुढे एक बटण होतं, फक्त दाबायचं होतं. पण त्यांनी दाबलं आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही तर? मी पडद्याकडे बघत राहिले. उपग्रह खोटं कशाला बोलेल? कपाट तर भंगारात गेलं. कानात मात्र सूर मोठे होत चालले होते, कुणी अंगणातून दारात, दारातून उंबऱ्यावर यावं तसे.

"अडीच."

मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं. दारातून बारीक ऐकू येत होतं. तेही आणि हेही.

"गो अराउंड, सर."

त्यांनी कारण विचारलं नाही. शंका आली की आधी वर जायचं, मग बोलायचं, ही शिस्त त्यांनीच मला लावली होती. इंजिनं गरजली, नाक उचललं. आणि आमच्या डोळ्यांदेखत सुई गर्रकन फिरून शेपटीकडे गेली. बीकनच्या डोक्यावरून विमान जातं तेव्हा फिरते, अगदी तशी. सूर थांबले.

"काय होतं?" कॅप्टननी विचारलं.

मी सुईकडे बोट केलं. त्यांनी आपलं बटण दाबलं, बराच वेळ डोळे मिटून ऐकलं.

"मला नुसती खरखर येतेय गं." मग माझ्याकडे वळून, "तुला?"

उत्तर द्यायच्या आत टॉवर बोलला. "वर का गेलात? कारण कळवा. तुमच्या मागचं विमान सहा मिनिटांत त्याच वाटेने उतरतंय."

कॅप्टननी माझा हात धरला. "थांब. मी बोलतो. वारा होता म्हणतो. टॉवरच्या टेपवर जाईल ते एवढंच, आणि कुणी खोदून विचारणार नाही. आठ दिवसांवर तपासणी आहे तुझी."

बापमाणूस. पण वारा म्हटलं असतं, तर मागच्या विमानाला टॉवरने खुशाल खाली सोडलं असतं.

मी हात सोडवला आणि बोलायचं बटण दाबलं. "टॉवर, उपग्रहाची जागा आणि बीकनची सुई जुळत नाही. मागच्या विमानाला वरच थांबवा."

"ते बीकन बंद आहे. सुई भटकली असेल." टॉवरमधला माणूस कंटाळलेला वाटला. मग नियमाप्रमाणे त्याने विचारलं, "नाव ऐकलंत का?"

कॅप्टन माझ्याकडे बघत होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली, अगदी सावकाश.

"ऐकलं," मी म्हणाले. "स्पष्ट ऐकलं, फक्त मी. अकरा मिनिटं ऐकत होते आणि सांगितलं नव्हतं."