एक एप्रिलची शिरगणती

ऑगस्टच्या भर दुपारी लोरी मास्क लावून दारात उभी राहिली, तेव्हा मीनाक्षीला वाटलं, मक्याची कणसं घेऊन आली असेल. पण तिच्या हातात सरकारी फोन होता. लोरी एरवी स्कूल बस चालवायची. कोविडमुळे शाळा बंद, म्हणून जनगणनेचं काम धरलं होतं.

"फॉर्म भरला नाहीस, मीना. तुझ्यासारखी टापटिपीची बाई."

मीनाक्षी पहिल्याच प्रश्नाला अडली होती. ते न सांगता तिने पोर्चवर दूर दूर दोन खुर्च्या मांडल्या.

आयोवातल्या या गावात एकेकाळी नऊशे माणसं होती. ऐंशीच्या दशकात शेतं लिलावात गेली, मग हायस्कूल गेलं, मग बाळंतपणाचा वॉर्ड. मीनाक्षी नवऱ्याला गुरुनाथ न म्हणता अख्ख्या गावासारखी डॉक्टरच म्हणायची. त्यांनी चव्वेचाळीस वर्षांत हजारावर बाळं जगात आणली. बहुतेक मोठी होऊन गाव सोडून गेली. "आपला माल एक्स्पोर्टचा," डॉक्टर म्हणायचे. लोरी मात्र राहिली.

"एक एप्रिलला या घरात किती माणसं राहत होती?" तिने वाचलं.

"दोन."

लोरीने वर पाहिलं. "डॉक्टर एकोणतीस मार्चला गेले, मीना. अंत्यविधीला आत फार माणसं घेत नव्हते, मी पार्किंगमध्ये गाडीत बसून होते."

"आमच्यात गेलेलं माणूस दहा दिवस घरातच असतं. मी दिवा लावला होता, रोज पाणी ठेवत होते. एक तारखेला चौथा दिवस. पोटच्या लेकीला, निधीला क्युपर्टिनोहून येता आलं नाही, गुरुजी आयपॅडवर. या घरात माझ्या सोबतीला तेवढे तेच होते."

लोरीने फोन मांडीवर ठेवला. "खरं लिहीन अशी शपथ घेतलीय मी," ती म्हणाली. मग मास्क सारखा करत म्हणाली, "पण मला त्यांनीच जगात आणलंय. तू म्हणशील तर दोन लिहिते."

मीनाक्षीच्या तोंडाशी 'लिही' आलं होतं. पण मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी कधी एका तासाचाही फेरफार केला नव्हता. लोकांनी हात जोडले, शिव्या दिल्या, तरी नाही. असा नवरा मिळाला होता, करणार काय.

"एक लिही," ती म्हणाली.

लोरीने लिहिलं. मग पुढचा प्रश्न वाचला. "पहिल्या व्यक्तीचं नाव?"

"गुरुनाथ," मीनाक्षी म्हणून गेली.

लोरी काही न लिहिता थांबली. मीनाक्षीने पदर नव्हता तरी खांद्यावरून हात फिरवला आणि स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर सांगायला घेतलं. लोरीला ते लहानपणापासून येत होतं. तिने सांगू दिलं.