बाळ गप्प झालंय

एह खूने आपल्या लेकीला, सेर मूला, आमच्या शाळेतून काढलं, तेव्हा मी तिच्याशी भांडले होते. थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतच्या कडेला, उसाच्या शेतालगत आमची पत्र्याची शाळा. सीमेपलीकडून, ब्रह्मदेशातून आलेली करेन पोरं सकाळी आपली करेन भाषा शिकतात, दुपारी थाई; मला सगळे थरामू म्हणतात, म्हणजे बाई.

"दोन डगरींवर पाय ठेवून माझी पोर कुठे पोचणार, थरामू?" एह खू म्हणाली. "करेन बोलून मला काय मिळालं? शिलाईच्या कारखान्यात मान मोडतेय. तिला सरकारी शाळेत घालते. नुसती थाई."

"आणि तुझ्याशी कशात बोलेल ती?"

"बोलेल की. आई आहे मी तिची."

पोर हुशार. दोन वर्षांत अशी थाई बोलायला लागली की नाक्यावरच्या पोलिसाने एकदा मायलेकींना हसत सोडून दिलं. एह खू गल्लीभर सांगत सुटली. घरात मात्र सेर मूचं करेन 'भात वाढ', 'झोप आली' एवढ्यावर आलं. बाजारात आई बोलली की ती हळूच म्हणायची, "आई, गप ना."

नवरा दक्षिणेला मासेमारीच्या बोटीवर होता. एह खूला आठवा महिना लागला होता. एका सकाळी तिच्या पोटातली हालचाल थांबली. दहा वर्षांच्या लेकीला घेऊन ती दवाखान्यात गेली. त्या दिवशी दुभाषी बाई रजेवर होती. गर्दी तुडुंब. नर्सने पोरीला विचारलं, "आईला काय होतंय?"

"बाळ गप्प झालंय म्हणावं," एह खूने सांगितलं.

सेर मूने थाईत सांगितलं, "बाळ शांत आहे. त्रास देत नाही."

"मग छान! बसा, नंबर आला की बोलावते."

दुपार कलली तरी त्या बाकावरच होत्या.

निरोप मिळाला तेव्हा मी धावत गेले. सगळं उरकलं होतं. मुलगा होता. नर्स रडवेली झाली होती. "तिची मुलगीच म्हणाली हो, बाळ शांत आहे म्हणून." मी एह खूजवळ जाऊन बसले आणि तिला ते करेनमध्ये सांगितलं.

"पोरीला सांगू नका," ती म्हणाली.

"नाही सांगत. पण शनिवारी तरी पाठव तिला माझ्याकडे. करेन शिकवते. परत असं..."

"नको!" तिने माझा हात घट्ट धरला. "ती भाषा तिला आता नकोच. जेवढी शिकेल, तेवढा तो दिवस तिला कळत जाईल. नाहीच कळली तर जगेल तरी."

त्यानंतर ती लेकीशी करेन बोलेनाशीच झाली. थाई तिला स्वतःला येत नव्हती. कारखान्यातून यायची, ताट पुढे सरकवायची, पोरीचे केस विंचरून द्यायची. पोर आधी रुसली, मग तिला सवय झाली.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सरकारी शाळेत मातृदिन होता. एह खू मला सोबत घेऊन गेली. भाषणासाठी सेर मूची निवड झाली होती. माईकसमोर ती स्वच्छ थाईत बोलली, "माझी आई खूप कष्ट करते. ती माझ्याशी बोलत नाही. मी काय केलं, मला माहीत नाही. तरी तिने मला माफ करावं."

बायका डोळे पुसत होत्या. पोर खाली आली, आईच्या पायांशी बसली, मोगऱ्याची माळ तिच्या हातात दिली.

"काय म्हणाली हो, थरामू?" एह खूने विचारलं.

मी सांगितलं. शब्दन् शब्द.

ती खाली वाकली, पोरीला छातीशी घेतलं आणि करेनमध्ये म्हणाली, "तू काही केलं नाहीस गं."

सेर मूने माझ्याकडे पाहिलं. तिला ते कळलं नव्हतं.