चार काड्या रेंज

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्यात एकही बिघाड नाही, हे आधीच सांगून ठेवतो; पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी झाला. प्रत्येक टॉवर आपापल्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर बोलतो, आणि मला त्या कंपनीला लागतील तेवढ्याच ऐकू येतात. तिथे राहणाऱ्या ओफोरीने मला काही वर्षं वापरलं आणि सुट्टीत घानाला आल्यावर आपल्या आईला, आफ्रियेला, भेट दिलं. कुमासी शहरात त्याने स्वतः माझ्यात तिचं सिमकार्ड घातलं. तिथला टॉवर माझ्या ओळखीचं बोलत होता. चार काड्या रेंज! ओफोरी समाधानाने विमानात बसला.

परदेशातून नवं आलं की जुनं शेजारणीला द्यायचं, ही आफ्रियेच्या गावची रीत. दोन्ही ठेवणारी हावरट ठरते. तिने गावी पोचताच आपला बटणांचा फोन पोकुवाला देऊन टाकला. मग कळलं, की गावात टॉवर एकच, आणि त्याची फ्रिक्वेन्सी मला ऐकूच येत नाही.

सांगणार कुणाला? लेकाने निकामी वस्तू दिली म्हणून गाव हसलं असतं. दिलेला फोन परत मागायचा, तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून ती अंगणात उकडलेल्या कंदांचा फुफू कुटणाऱ्या बायकांसमोर मला कानाला लावून एकटीच बोलू लागली. इतकं मायेचं बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यातलं एक अक्षरही कुठे पोचलं नाही.

तिची मुलगी सेर्वा कुमासीत बाळंत व्हायची होती. पहिलं बाळ गेलं, तेव्हा आई जवळ नव्हती. "या वेळी कळा सुरू झाल्या की फोन करते, आये. तशीच नीघ," असं तिने बजावलं होतं. अजून पंधरवडा आहे, रविवारी आपणच जाऊन राहू, असा आफ्रियेचा हिशेब. कळा शुक्रवारीच आल्या.

तेव्हा आफ्रिये अंगणात माझ्याशी बोलत होती. "कोट घालतोस ना रे ओफोरी? तिकडचा बर्फ काय तुझा मेव्हणा लागतो, लाड करायला?"

बायका हसल्या. तेवढ्यात पोकुवा धावत आली. "अगं मावशी, ठेव तो फोन! जावयाचा फोन आलाय माझ्याकडे. सकाळपासून तुला लावतोय, लागत नाही म्हणे. सेर्वाला ऑपरेशनला नेलंय!"

आफ्रिये ताडकन उठली. पण सगळ्याजणी बघत होत्या. मला कानावरून काढण्याआधी ती म्हणाली, "ठेवते रे बाळा."

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो. सेर्वा वाचली होती, पोरगीही धडधाकट होती. सेर्वाने मात्र आईकडे पाहिलं नाही.

"पोकुवाने सांगितलं यांना. मी तुझ्या नावाने ओरडत होते, आणि तू दादाशी गप्पा मारत होतीस."

"फोन लागत नव्हता गं, पोरी."

सेर्वाने हात पुढे करून मला घेतलं. आणि मित्रांनो, मी कुमासीत होतो. चार काड्या.

"लागतोय की!"

खरं सांगावं तर लेकाची शोभा होणार, न सांगावं तर मुलगी दुरावणार. नातीला उचलून आफ्रिये खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मित्रांनो, कुणाला फोन देण्याआधी त्याच्या गावचा टॉवर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, तेवढं विचारा. आणि मिळालेली भेट चालत नसेल, तर देणाऱ्याला वेळेत सांगा. त्या खोलीत मला भरपूर रेंज होती. खरं बोलायचं काम मात्र आफ्रियेचं होतं.