मच्छर त साऱ्याइलेच चावते

माझी नात प्रणाली नऊ वर्षांची. मागच्या पावसाळ्यापासून तिला ताप येतो, जातो, पुन्हा येतो. दिवाळीनंतर मानेत गाठी आल्या आणि पायावरची एक जखम काळी पडली. बाळापूरच्या डॉक्टरांनी अकोल्याला धाडलं. तिथे जखमेचा तुकडा काढून तपासला. रिपोर्ट आला, विषाणूमुळे पेशी वाढल्या असाव्यात, कॅन्सर असू शकतो, नसूही शकतो. डॉक्टर म्हणाले, "आजाराचं नक्की नाव कळलं नाही तर सोमवारी कॅन्सरचंच औषध सुरू करावं लागेल. थांबण्यात धोका आहे." ते औषध जड, आणि पोरीच्या अंगात उभं राहायचंही बळ नाही.

म्हणून शुक्रवारी मेणाच्या ठोकळीत बसवलेला तो तुकडा आणि त्याच्या तपासणीच्या काचा डबीत घालून मी अमरावतीच्या तपासणी केंद्रात गेलो. माझा मुलगा सुगत अकोल्याच्या दवाखान्यात पोरीजवळ थांबला.

खिडकीवर प्रीतम नावाचा माणूस होता. त्याने डबी घेऊन पावती फाडली. "आठ दिवसांनी या, बाबा."

"सोमवारी औषध लावून राहिले तिले. आठ दिवसांनी नाव घेऊन मी काय करू?"

"मॅडमले देतो आत. बसा."

बसलो. अकरा वाजले, दोन वाजले. चार वेळा उठून खिडकीशी गेलो. चौथ्या वेळी प्रीतम म्हणाला, "बाबा, तुमी आले का माझा चहा थंडा होते."

"मंग गरम असतानीच सांगून टाकत जाय."

तीनला त्याने एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. "अकोल्याहून बिमारीची माहितीच लिहून आली नाही. मॅडम म्हणतात, त्याबिगर नाव देता येत नाही. डॉक्टरकडून भरून आणा."

"उद्या शनिवार, परवा रविवार. कवा भरू?"

"ते मी कसं सांगू?"

'आजाराची सुरुवात' असं छापलं होतं आणि खाली पाच ओळी कोऱ्या होत्या. तीन महिने आम्ही दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या आणि कागद हा असा. मी प्रीतमचा पेन मागून घेतला. पन्नाशीनंतर अक्षरं शिकलो, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. मागच्या पावसाळ्यात मच्छर चावला, तिथे फोड आला, काळा पडला, ताप चढला. पुन्हा चावला, पुन्हा तसंच. हातापायांवर सात वण आहेत. ओळी संपल्या तेव्हा बाजूच्या जागेत लिहिलं.

"हे डॉक्टरनं लिहायचं असते," प्रीतम म्हणाला.

"डॉक्टरले माहीतच नाही त तो काय लिहीन? नेऊन दे."

दहा मिनिटांत आतल्या मॅडम, डॉक्टर इफ्फत, स्वतःच बाहेर आल्या. हातात माझा कागद होता. "हे तुम्ही लिहिलंत? दर वेळी मच्छर चावल्यावर असंच होतं?"

"दर वेळी."

"अकोल्यात सांगितलं होतं?"

"त्यांनी विचारलं, कशाची ॲलर्जी आहे काय. आमी नाही म्हटलं. ॲलर्जी म्हणजे गोळीची, इंजेक्शनची. मच्छर त साऱ्याइलेच चावते."

त्या माझ्या बाजूला बाकावर बसल्या. "काचेखाली हे आजार सारखेच दिसतात, बाबा. मूल कसं आजारी पडलं, त्यावरून नाव ठरतं. एक विषाणू बहुतेकांच्या अंगात गुपचूप पडून असतो. काही मुलांत तो रक्ताच्या पेशींत शिरतो आणि त्या वाढवत राहतो. त्यातल्या काहींना मच्छर चावला की असंच होतं. आता रक्तात तो किती आहे ते मोजावं लागेल."

"म्हणजे कॅन्सर नाही."

"तसं मी म्हटलं नाही. पुढे होऊही शकतो. पण तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत सोमवारचं औषध थांबवायला हवं. मी आत्ताच अकोल्याला फोन करते."

सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझं डोकं तापलं. "चार डॉक्टर झाले, मॅडम. एकानंही विचारलं नाही का हे वण कायचे."

"आणि तुम्ही सांगितलंही नाही."

ते खरं होतं, म्हणून राग जास्तच आला. आजाराचं एक लांबलचक नाव सांगून त्या आत गेल्या, अकोल्याशी बोलल्या आणि औषध थांबल्याची दारातून मान हलवून मला खूण केली. मग मी बाहेर येऊन सुगतला फोन लावला.

"सोमवारी ते औषध लावत नाहीत."

"मंग बिमारी कोणती म्हणे?"

"लंबं नाव आहे. तेबी पक्कं नाही, रक्त तपासल्यावर सांगतात. तू हे सांग, तिच्या खाटेले मच्छरदाणी आहे काय?"

"नाही. खिडकीची जाळीबी फाटेल आहे. सकाळपासून दोन चावले तिले. काहून?"

"कुठं चावले?"

"एक हाताले, एक गालाले. सूज चढून राहिली."

"पहिले नर्सबाईले दाखव," मी म्हटलं. "मंग बजारात जाय आन् मच्छरदाणी घेऊन ये."