छबूबाईंच्या बोअरचं पाणी

पाण्याचा नमुना स्वतःच्या हाताने घ्यायचा, हा आमच्या कामातला पहिला नियम. बोअर आधी दहा मिनिटं चालवायचा, साचलेलं पाणी वाहून जाऊ द्यायचं, मग त्याच पाण्याने बाटली विसळून भरायची. मी मनवा, एम. एस्सी., संगमनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्रात पहिली आलेली. हे सगळं झोपेतून उठवलं तरी सांगेन. तरीही मागच्या मे महिन्यात भोकरवाडीला मी रिकाम्या बाटल्या छबूबाईंच्या ओट्यावर ठेवल्या आणि निघून गेले.

कारण एवढंच की लाईट नव्हती. भोकरवाडीच्या शिवेला लागून रंगाची रसायनं बनवणारी कंपनी आहे. तिला उत्पादन वाढवायला परवानगी हवी होती. त्यासाठी आसपासची माती आणि जमिनीतलं पाणी किती बिघडलंय याचा अहवाल लागतो. तो आमची नगरची प्रयोगशाळा करते, आणि हे काम आम्हाला देते कंपनीच. तिच्या भिंतीला सगळ्यात जवळचा बोअर छबूबाईंचा. अहवालात काही खरं उमटणार असेल तर ते तिथूनच.

"लाईट दोनला येती, ताई," त्या म्हणाल्या. "उनात कशाला बसता? बाटल्या ठिवा, म्या भरून ठिवते."

माझे मातीचे पाच खड्डे राहिले होते. तीनला परत आले तर बाटल्या भरलेल्या, पदराने पुसून लख्ख केलेल्या, ओळीने मांडलेल्या. मी लेबलं चिकटवली, बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि 'नमुना स्वतः घेतला' याखाली सही ठोकली. आळसाला त्या दिवशी मी वेळेची बचत म्हटलं.

आकडे आले आणि माझी नजर चार नंबरवर, छबूबाईंच्या नमुन्यावर, अडकली. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला अवघे साठ मिलिग्रॅम. आमच्याकडे गोड्या विहिरीलाही सहाशे-सातशे असतात. साठचं पाणी जमिनीतून निघत नाही, फिल्टरमधून निघतं. कंपनी त्या वस्तीला रोज पाण्याचे जार फुकट पोचवायची, कारण तिथले बोअर पिवळं ओकतात हे तिलाही ठाऊक होतं. बाटल्यांत काय होतं ते मला त्याच क्षणी कळलं.

मी यज्ञेश्वर सरांकडे गेले. प्रयोगशाळा त्यांची. म्हटलं, "सर, चार नंबरचा नमुना पुन्हा घ्यावा लागेल."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चांगला आलेला नमुना परत घ्यायचा? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि फॉर्मवर सही कुणाची आहे, मनवा?"

सही माझी होती. मी गप्प बसले. मला भित्री म्हणा, माझी तक्रार नाही.

कंपनीला परवानगी मिळाली. या जानेवारीत सहामाही तपासणीसाठी पुन्हा भोकरवाडीला गेले, तर यादीतून छबूबाईंचा बोअर गायब. त्याच्या जागी कंपनीच्या वरच्या अंगाचा, जिथवर काही पोचतच नाही असा एक बोअर घातलेला. तरी मी वस्तीवर गेलेच.

छबूबाई ओळखून हसल्या. आत जाऊन पेला भरून आणला. पाणी पिवळट होतं, आणि त्याला ओल्या बारदानासारखा वास होता.

"मावशी, जार कुठे गेले?"

"दिवाळीपासनं बंद. कंपनीचा मानूस कागद घिऊन आल्ता. तुमचं पानी पास झालं म्हनला, आता जार कशाला? खाली तुमची सही हाय म्हनं." मग थोडं लाजून म्हणाल्या, "खरं सांगू का? म्या तुमच्या बाटल्यांत जारचंच पानी भरलं हुतं. दारात आलेल्याला तसलं पिवळं कसं द्यायचं? नगरला चार मानसं बघनार. पन तुमी मातीबी न्हेली हुती ना, मातीवरनं कळलं आसंल."

त्यांचा माझ्यावरचा तो विश्वास मला सहन होईना.

"नाही, मावशी. तो कागद त्या बाटल्यांवरूनच लिहिला. तुमच्या बोअरचं पाणी कुणी तपासलंच नाही. मला कळलं होतं. मी बोलले नाही."

त्यांनी कंपनीच्या भिंतीकडे पाहिलं.

"म्हंजी म्याच केलं व्हय हे?"

"तुम्ही नाही. मी केलं."

"मंग आता बदला की कागद."

"आजच लेखी देते. पण परवानगी पाच वर्षांची आहे. आणि खोटी सही करणारीचं कोण ऐकतं?"

माझ्या हातातला पेला त्यांनी अलगद काढून घेतला आणि आतून एक प्लॅस्टिकची बाटली आणली. लेकीने तिच्या गावाहून भरून दिलेलं पाणी होतं ते, तळाशी दोन-तीन घोट उरलेलं. "पास झालं म्हनून त्ये दिलं हुतं. ह्ये प्या. पावन्यासाठी ठिवते."

मी नको म्हणत होते, तरी बाटली माझ्या हातात कोंबली. मग ओट्यावर बसल्या, माझ्यासाठी आणलेला तो पिवळा पेला उचलला आणि पिऊन टाकला.

"मावशी, अहो!"

"मंग काय पिऊ?" त्या म्हणाल्या, आणि पेला धुवायला मोरीत गेल्या.