राहून गेलेली हवा

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. एके काळी लोक माझ्या दारात बघून भांग पाडायचे, इतकी मी चकचकीत होते. आता पत्र्याला पोपडे आले आहेत आणि एका दिव्याची काच गेली आहे.

मला एका शिंप्याने घेतले. शाळांचे गणवेश शिवून पोचवायचा त्याचा धंदा. मागे कपड्यांचे गठ्ठे, पुढे तो आणि त्याची बायको. काजे-बटणे तिच्याकडे असत. रस्त्यातही तिची सुई थांबत नसे. तिची धाकटी बहीण घाटापलीकडे राहायची. आईवडील लवकर गेल्यामुळे धाकटीला हिनेच लहानाचे मोठे केले होते.

एका थंडीच्या सकाळी बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. धाकटीचे दुखणे फार वाढले होते. "ताईंना लगेच घेऊन या," एवढेच तो बोलला.

नेमकी तेव्हाच माझी पाण्याची नळी फुटली होती. शिंपी हाताने हुशार. त्याने नवी नळी चढवली, रेडिएटर काठोकाठ भरला. पण मित्रांनो, नवे पाणी भरले की माझ्या आत कुठेतरी हवा अडकून राहते आणि तिथे पाणी पोचत नाही. झाकण उघडे ठेवून, हीटर लावून इंजिन चालू ठेवावे लागते. मग बुडबुडे वर येतात, पाणी खाली बसते, पुन्हा भरावे लागते. बुडबुडे थांबले की मगच झाकण. वीस मिनिटांचे काम. शिंप्याला हे चांगले ठाऊक होते. त्याने घड्याळ पाहिले आणि झाकण लावून टाकले.

गाव मागे पडले तशी ती म्हणाली, "अहो, पुढे काहीतरी खळखळतंय."

"पाणी आहे, खळखळणारच. तू शांत बस बरं."

"हीटरमधून पण गारच वारा येतोय."

"येईल गं गरम. थंडी केवढी आहे!"

तिने पदर अंगाभोवती ओढून घेतला. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण तापमानाच्या काट्याशिवाय मला दुसरी जीभ नाही.

घाटाच्या मध्यावर तो काटा एकदम लाल पट्टीत गेला. बॉनेटमधून वाफ उसळली. तापलेले झाकण उघडण्याची सोय नव्हती. मी निवेपर्यंत दोन तास आम्ही कठड्याला लागून उभे होतो. शिंप्याने हात करून पाहिला. दोन ट्रक आले, तसेच निघून गेले.

शेवटी पाणी भरून बहिणीकडे पोचलो तेव्हा दारात चपलांची गर्दी होती. बहिणीचा नवरा बाहेर आला. "तासाभरापूर्वी गेली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत विचारत होती, ताई निघाली का म्हणून."

ती धावत आत गेली. शिंपी माझ्या बॉनेटला धरून उभा राहिला.

तिने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते, असे मला वाटते.

त्यानंतर पाणी बदलायचे असले की तो मला चढावर, तोंड वर करून उभी करी. ती आत बसून हीटरच्या जाळीवर तळहात धरी.

"गार." मग बऱ्याच वेळाने, "कोमट." आणि शेवटी, "गरम."

तेव्हा कुठे तो झाकण लावी. अशी कितीतरी वर्षे गेली. त्या दिवसाचा विषय दोघेही काढत नसत.

एका दुपारी बुडबुडे बघता बघता तो म्हणाला, "तू सांगितलं होतंस."

इंजिनाच्या आवाजात तिला ऐकूच गेले नसावे, असे मला वाटले. मग ती म्हणाली, "दोनदा सांगितलं होतं."

आणि जाळीवरचा हात काढून तिने तोंडावर धरला. इतक्या वर्षांत ती माझ्या देखत पहिल्यांदाच रडली. तो येऊन शेजारी बसला. बराच वेळ झाकण लावायला कोणी उठले नाही.

मागच्या वर्षी तीही गेली. शिंप्याला आता नीट दिसत नाही, मी शेडमध्येच असते. मला धुवा-पुसा असे मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले. पण मित्रांनो, शेजारी बसलेले माणूस काही ऐकू येतेय म्हणाले, तर गाडी बाजूला घ्या आणि उतरून बघा. घाई असेल तेव्हा तर नक्कीच.