गव्हर्नरची आई

माझा थोरला भाऊ लझहर वकील. ट्यूनिशियातल्या आमच्या गावाखाली फॉस्फेट आहे, त्यामुळे पाणी आधी खाणीतलं खनिज धुवायला आणि उरलंसुरलं आमच्या नळांना. जुन्या राजवटीत याच पाण्यासाठी तो गावाला घेऊन फॉस्फेट नेणाऱ्या मालगाडीच्या रुळांवर बसला होता. पोलिसांनी फरफटत नेलं. तुरुंगातून सुटला तेव्हा एका कानानं ऐकू येत नव्हतं. "बरं झालं," तो हसून म्हणायचा, "सरकारनं आता याच बाजूनं बोलावं."

राजवट पडली. काही वर्षांनी लझहर आमच्याच प्रांताचा गव्हर्नर झाला. आमच्या आईनं, मब्रूकानं, साऱ्या गल्लीला कुसकुस खाऊ घातला.

पाणी मात्र आलं नाही. "धुलाई थांबली तर मालगाडी थांबेल, लोकांचे पगार थांबतील," तो सांगायचा. ते खोटं नव्हतं, म्हणून भांडताही येईना.

उन्हाळ्यात बायका पुन्हा रुळांवर बसल्या. मधोमध आई, घरची लाल उशी घेऊन. लझहर स्वतः आला.

"आई, ऊठ. ऊन बघ किती आहे."

"तू बसलास तेव्हा काय चांदणं पडलं होतं?"

बायका खिदळल्या. तोही हसला, पण लगेच सावरला. "तेव्हा सरकार चोरांचं होतं गं. आता आपलं आहे."

"मग सांग की आपल्या सरकारला, पाण्याचे कॅन भरून दे म्हणावं."

शेजारची हनिया म्हणाली, "माझा नवरा तुझ्याबरोबर आत होता, लझहर. घरी जाऊन त्याला काय सांगू?"

"सांग, वर्षभरात पाइप येतोय."

"हे गेल्या वर्षीच सांगितलं होतंस."

तो वळला आणि पोलिसगाडीपाशी आला. मी तिथेच उभी होते. तो हलक्या आवाजात अधिकाऱ्याला म्हणाला, "सगळ्यांना उचला. लाल उशीवाली सोडून."

"दादा, 'आई' म्हणायला जीभ रेटत नाही का?"

"शाद्लिया, तुला कळत नाही. मी गेलो तर ट्यूनिसहून दुसरा येईल. तो डोकी फोडेल. मी निदान..."

बायकांना उचलून गाडीत कोंबलं. रुळांवर आई एकटी उरली. उठली, कपडे झटकले आणि पोलिसगाडीचं दार ठोठावलं.

"अरे पोरांनो, मला विसरलात की."

अधिकाऱ्यानं लझहरकडे पाहिलं. लझहर डोंगराकडे बघत होता. हनियानं आतून हात दिला आणि आई चढली.

संध्याकाळी सगळ्यांना सोडलं. मालगाडी तोवर निघून गेली होती.

लझहर आता राजधानीत मंत्री आहे. दर शुक्रवारी फोन करतो. आई "जेवलास का?" एवढंच विचारते आणि फोन माझ्या हातात देते.

"अजून रागावलीय का गं ती?"

"तिलाच विचार ना. देऊ फोन?"

"नको," तो म्हणतो, "बैठक आहे."